कराव्याचं पाणी, केदारचा बर्फ

मास्क लावा, आणि नाकही झाका. तुम्हाला १७ मे २०२१ च्या सकाळी उतरवतोय. कोरोनाची दुसरी लाट नुकती ओसरायला लागली आहे, ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध अजून आहेत आणि लोकलमध्ये फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांना प्रवेश आहे. म्हणून सीवूड्स-दारावे स्टेशनाच्या फंदात न पडता तुम्हाला थेट करावे गावात आणलं.

गावठाणातली घरं एकमेकांना खेटून आहेत. पत्र्यांवर विटा आणि जुने टायर ठेवलेत, पण ते कालपर्यंत कमी होते. आज सकाळी त्यांची संख्या वाढली आहे. सिडकोने ज्या गावांच्या जमिनी घेऊन नवी मुंबई वसवली, त्यांतलं हे एक. आगरी-कोळ्यांचं. गावातून पाम बीच रोड ओलांडला की टी. एस. चाणक्य या नाविक प्रशिक्षण संस्थेचा परिसर लागतो, बाजूला पाणथळ जमीन, मग तिवरांची दाटी आणि तिच्यापलीकडे पनवेलची खाडी. थंडीत आलेले रोहित पक्षी मेच्या मध्यापर्यंत रेंगाळतात. आज मात्र त्यांना शोधत बसू नका, खाडीकडे चला.

धक्क्यावर गडबड आहे, तरी आरडाओरडा नाही. होड्या जमतील तेवढ्या आत ओढल्या जातायत, तिवरांच्या आडोशाला. इंजिनं काढून घरी नेली जातायत. जाळी गुंडाळून वर ठेवलीत. तुम्ही कडेला उभे राहून बघताय हे एकाच्या लक्षात येतं आणि तो दोराचं टोक तुमच्याकडे फेकतो. “दादा, नुसतं बघत काय उभं राहिलाव? धरा जरा.” धरा. दोर खारट आहे, तळहात सोलून काढतो. एक गाठ पुढून, एक मागून आणि दोन्ही दोरांना ढील ठेवायची. पाणी चढल्यावर होडीला वर यायला जागा लागते. ताठ बांधलेली होडी भरतीत स्वतःच्याच दोराने कलंडते.

एक म्हातारा बाजूला बसून बोटांवर काहीतरी मोजतोय. आज वैशाख शुद्ध पंचमी. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ निघते. पाच पाऊण पावणेचार. दुपारी पावणेचारच्या सुमाराला पाणी पुरं चढणार. भरतीचं छापील कोष्टक तुमच्या फोनमध्ये असेल तर ताडून बघा. हा हिशेब कोष्टकाच्या फार लांब जात नाही. आणि पंचमी म्हटल्यावर आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आलेली आहे, जी टीव्हीवरचं कुणी सांगत नाहीये: अमावास्येचं उधाण सरलं, पाणी भांगाकडे, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरतीकडे चाललंय. हेच वादळ चार-पाच दिवस आधी आलं असतं तर वाऱ्याने ढकललेलं पाणी उधाणाच्या भरतीवर स्वार झालं असतं आणि गावठाणाच्या खालच्या अंगाची घरं त्याच्या वाटेत आली असती.

आता वारा. साडेनऊ वाजलेत. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि डावा हात सरळ बाजूला धरा. उत्तर गोलार्धात कमी दाबाचं केंद्र साधारण त्या हाताच्या दिशेला असतं. वारा आग्नेयेकडून येतोय, म्हणजे तुमचा हात नैऋत्य दाखवतोय. वादळ तिकडे आहे, खोल समुद्रात. हा प्रयोग दुपारी पुन्हा करा: वारा दक्षिणेचा झालेला असेल आणि हात थेट पश्चिमेकडे, मुंबईच्या पलीकडच्या पाण्याकडे. संध्याकाळी वारा नैऋत्येचा, हात वायव्येकडे. एका धक्क्यावर उभं राहून, उपग्रहाचं एकही चित्र न बघता, तुम्ही एक चक्रीवादळ आपल्या अंगावरून पुढे सरकताना मोजलंत. हा नियम ज्याच्या नावाने ओळखतात तो डच शास्त्रज्ञ इथल्या जुन्या माणसांना ठाऊक नसेल, पण वारा कुठून कुठे ‘फिरला’ हे ते घड्याळ बघावं तितक्या सहज बघतात.

त्याचं नाव तौक्ते. १४ मेला लक्षद्वीपजवळ तीव्र कमी दाबाचं क्षेत्र म्हणून सुरुवात झाली आणि तीन दिवसांत केंद्रातला दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास उतरला. ते मुंबईपासून साधारण दीडशे किलोमीटर अंतर राखून उत्तरेला चाललंय. दीडशे किलोमीटर म्हणजे करावे ते पुणे आणि वर थोडं. एवढ्या लांबून जातानाही ते कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदवायला लावेल. विमानतळ अकरा वाजता बंद होईल. वरळीचा सागरी सेतू बंद. आज लसीकरणही बंद आहे आणि वांद्र्याच्या तंबूवजा जम्बो कोविड केंद्रातले रुग्ण आधीच दुसरीकडे हलवले आहेत.

दुपारपर्यंत पाऊस आडवा व्हायला लागतो. तिवरांची पानं उलटी होऊन सगळं कांदळवन चंदेरी दिसतं. पाम बीचवरची शोभेची झाडं पहिली पडतात, गुलमोहर त्यांच्या पाठोपाठ. वीज जाते. खाडीचं पाणी पावणेचारला चढतं, होड्या ढील दिलेल्या दोरांवर वर येतात, पण सुटत नाहीत. तिवरांनी लाटेचं बळ आधीच खाल्लंय. या तिवरांच्या जागेवर काय काय बांधावं याच्या योजना ज्यांनी आखल्या, त्यांना आज दुपारी इथे आणून उभं करायला हवं होतं, असं मला दर वेळी वाटतं.

उघड्या समुद्रात एवढा आडोसा कुणालाच नाही. मुंबई हायच्या परिसरात पी-३०५ नावाचा तराफा नांगर तुटून वाहत सुटलाय. त्यावर २६१ माणसं आहेत. आज संध्याकाळी तो बुडेल. आयएनएस कोची आणि आयएनएस कोलकाता रात्रभर पाण्यातून माणसं उचलतील, तरीही सत्तरच्या आसपास परत येणार नाहीत. तुम्हाला हे माहीत आहे आणि धक्क्यावर कुणाला सांगता येत नाही. कालप्रवासाची ही एकच अट आहे.

उद्या सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजतील तेव्हा सांताक्रूझला २३० मिलिमीटर भरेल, कुलाब्याला दोनशेच्या वर. मे महिन्यात.

बहुतेकांच्या आठवणीत तौक्ते इथे संपतं. पडलेली झाडं कापली गेली, पत्रे पुन्हा बसले, विमानतळ सुरू झाला. पण आज पहाटे पाच वाजता, तुम्ही इथे उतरण्याच्या थोडं आधी, इथून हजारभर किलोमीटरहून जास्त अंतरावर आणखी एक गोष्ट घडली: केदारनाथचे कपाट उघडले. यात्रेला बंदी असल्यामुळे पुजारी आणि मंदिराचे मोजके लोक एवढेच हजर होते. बद्रीनाथ उद्या पहाटे उघडेल. कराव्याच्या धक्क्यावर तुमच्या चेहऱ्यावर जो पाऊस आपटतोय, त्याच्या वाफेचा उरलेला भाग तीन दिवसांत तिकडे पोचणार आहे, आणि तो पाऊस म्हणून पडेल की बर्फ म्हणून, ते तिथल्या उंचीवर ठरणार आहे. कपडे ओले असले तरी चला. त्याच्या मागे जाऊ.

पहिला मुक्काम फार थोडा. १७ मेच्या रात्री दीव आणि उना यांच्या मधे वादळ जमिनीवर चढतं, वाऱ्याचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या घरात. गीरच्या केसर आंब्याचा हंगाम ऐन भरात आहे आणि काळोखात फक्त फळं पडल्याचे आवाज येतात. जमिनीवर आलं की चक्रीवादळाचं इंधन तुटतं, कारण ते गरम पाण्यावर जगतं. तरी हे वादळ हट्टी निघालं; गुजरात ओलांडताना १८ तारखेच्या संध्याकाळपर्यंत त्याचं चक्रीवादळपण टिकलं. मग राजस्थानात ते निव्वळ कमी दाबाचं क्षेत्र झालं आणि वाहिन्यांवरची लाल भोवऱ्याची चित्रं बंद झाली.

वादळ मेलं म्हणजे वारा मेला. वाफ शिल्लक राहते.

ती वाफ घेऊन तो कमी दाब ईशान्येला सरकला आणि त्याची गाठ पडली पश्चिमी झंझावाताशी. भूमध्य समुद्राच्या बाजूने, इराण-अफगाणिस्तानावरून येणारी ही थंड हवेची लाट बरीच उंचावरून वाहते. आपल्याकडच्या बातम्यांत ती फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीच्या वेळी ऐकू येते. मेमध्ये ती सहसा अशक्त आणि कोरडी असते, कारण तिच्याकडे पाणी नसतं. यंदा अरबी समुद्राने ते आणून दिलं.

१९ मे, दिल्ली. गाडीतून उतरायचीही गरज नाही. वैशाखात जिथे डांबर वितळतं तिथे लोकांनी स्वेटर काढलेत. दिवसाचं कमाल तापमान २३.८ अंश, सरासरीपेक्षा १६ अंशांनी कमी. उद्या सकाळपर्यंत चोवीस तासांत ११९.३ मिलिमीटर पाऊस भरेल. त्याआधीचा मे महिन्यातला दिल्लीचा विक्रम १९७६ चा, ६० मिलिमीटरचा होता. तो नुसता मोडला नाही, जवळजवळ दुप्पट झाला.

हा २३.८ चा आकडा खिशात ठेवा, डोंगरावर त्याचा उपयोग आहे. पावसाळी हवेत दर हजार मीटरला तापमान ढोबळमानाने सहा ते साडेसहा अंश उतरतं. केदारनाथ ३,५८३ मीटरवर, दिल्ली सव्वादोनशेच्या आतच. म्हणजे जवळजवळ तीन हजार चारशे मीटरची चढण, वीस-बावीस अंशांची उतरण. उरतात दोन-तीन अंश. आणखी तीनशे ते पाचशे मीटर चढा की शून्य. एरवीच्या मे महिन्यात दिल्लीत चाळीस असताना हाच हिशेब केला तर शून्याची रेषा सहा हजार मीटरच्या पुढे जाते. हिशेब अगदी ओबडधोबड आहे, हवामानखात्यातला माणूस नाक मुरडेल, पण शून्याची रेषा एका वादळाने किती खाली ओढली ते यावरून कळतं. ती रेषा खाली आली की जिथे पाऊस पडायचा तिथे बर्फ पडतो. पडता पडता थोडा बर्फ वितळतो, वितळताना आजूबाजूच्या हवेतली उष्णता घेतो आणि रेषा आणखी खाली सरकते. त्या दोन दिवसांत उत्तराखंड आणि हिमाचलच्या उंच रांगांवर ताजा बर्फ पडला तो असा.

आता तुम्ही वासुकी तालच्या वाटेवर आहात. केदारनाथपासून हे तळं आठेक किलोमीटर, उंची सुमारे ४,१०० मीटर. यात्राबंदीत तुम्हाला इथे कुणी येऊ दिलं नसतं आणि अशा हवेत शहाणा वाटाड्या मुळीच आणणार नाही. दोन माणसांचा तंबू, एक स्टोव्ह, एक आइस ॲक्स, मनगटावर उंची दाखवणारं घड्याळ. १९ मेची दुपार.

आधी घड्याळ बघा. दुपारी बाराला ते ४,०९० मीटर दाखवत होतं. आता तीन वाजलेत, तुम्ही जागचे हलला नाहीत आणि ते ४,१३० दाखवतंय. घड्याळ बिघडलेलं नाही. ते उंची मोजत नाही, दाब मोजतं आणि दाब उतरला की त्याला वाटतं आपण चढलो. या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण बारा मीटर. तीन तासांत तीन हेक्टोपास्कलची घट. कराव्याला वाऱ्याकडे पाठ करून जे कळलं ते इथे कळणार नाही, कारण दरीत वारा दरी सांगेल तसा वळतो. इथे डावा हात खोटं बोलतो. घड्याळ खोटं बोलतं तेव्हा खरं सांगतं.

पहिल्यांदा पडतात ते साबुदाण्याएवढे पांढरे दाणे. गार नाही, हिमपाकळीही नाही. पाकळीवर अतिथंड पाण्याचे थेंब गोठत गेले की हा दाणा बनतो. ढगात हवा जोरात वर चढतेय याचं ते लक्षण. वर चढणाऱ्या हवेचा दुसरा अर्थ वीज. मेच्या वादळात बर्फ पडताना गडगडतं, जानेवारीत सहसा नाही. आइस ॲक्स बारीक आवाजात गुणगुणायला लागली किंवा टोपीखालचे केस उभे राहिले तर ती लांब ठेवा, धारेवरून खाली उतरा, पाय जुळवून उकिडवे बसा. तंबूत परतायची घाई आत्ता नको.

पाचनंतर दाणे थांबतात आणि पाकळ्या सुरू होतात, मोठ्या, एकमेकींना चिकटलेल्या. शून्याच्या आसपासचा बर्फ असाच पडतो. जानेवारीचा बर्फ कोरडा, फुंकर मारली तर उडतो. हा ओला आहे, कापडावर बसतो आणि उठत नाही. तंबूचं छत आत यायला लागतं. आतून हाताने थोपटून तो खाली पाडायचा, दर अर्ध्या तासाने, रात्रभर. नाहीतर पहाटे खांब मोडतो. बाजूंना साचलेला बर्फही बाहेर येऊन काढायचा, कारण झडप बुजली आणि आत स्टोव्ह पेटवला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही. डोंगरात थंडीने मरणाऱ्यांची चर्चा होते, या वायूने मरणाऱ्यांची कमी होते.

एकदा बाहेर डोकावून बघा. आकाश, उतार, जमीन, तिन्हींचा रंग एक झालाय. सावलीच नाही, त्यामुळे पुढचं पाऊल खड्ड्यात पडणार की उंचवट्यावर, ते पडल्यावर कळतं. तंबूपासून दहा पावलं गेलेल्या माणसाला तंबू न सापडल्याचे प्रसंग गिर्यारोहणाच्या इतिहासात भरपूर आहेत. लघवीला जाताना दोर धरून जा, लाजू नका.

रात्री अकराला आवाज येतो. लांबून, पण लांबलेला. मालगाडी नाही, ढगही नाही. समोरच्या उतारावरून काहीतरी सुटलं.

वसंतातल्या बर्फाची खरी गोष्ट ही आहे, आणि ती वरवर दिसत नाही. हिवाळ्याचा जुना थर अजून खाली आहे. एप्रिल-मेच्या उन्हाने त्याचा पृष्ठभाग दिवसा वितळला, रात्री गोठला, पुन्हा वितळला, पुन्हा गोठला, आणि वर कडक गुळगुळीत कवच तयार झालं. आज त्यावर वीतभर ओला, जड बर्फ पडला. दोघांची ओळख व्हायला वेळ मिळालेला नाही. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हा नवा थर कवचावरून सुटतो. यापेक्षा कमी उतारावर तो बसून राहतो, जास्त उतारावर साचण्याआधीच घसरतो. मधलीच पट्टी घातक आणि चढायला नेमकी तीच बरी वाटते. त्यात ढगांनी एक वाईट केलं. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशाला देऊन गोठतो, म्हणून डोंगरातले लोक मध्यरात्री निघून उजाडायच्या आत कडक बर्फावरून चढून जातात. आज ढगांचं पांघरूण आहे. बर्फ रात्रीही गोठणार नाही. पहाटे दोनला निघालात तरी प्रत्येक पावलाला मांडीपर्यंत रुताल.

हे पुस्तकी भय नाही. शेजारच्याच चमोली जिल्ह्यात, नीती खोऱ्यात सुमना इथे, २३ एप्रिल २०२१ ला, म्हणजे तुमच्या या रात्रीच्या महिनाभरच आधी, सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमकडा कोसळला होता. त्याआधी काही दिवस बर्फ आणि पाऊस चालू होता. सैन्याने ३८४ जणांना वाचवलं, किमान पंधरा जणांचे मृतदेह काढावे लागले. ते गिर्यारोहक नव्हते, शिखराचा हव्यास त्यांना नव्हता; रस्ता बांधणारे मजूर होते.

समुद्रात उठलेल्या वादळाने डोंगरावर माणसं मारल्याचा याहून मोठा दाखला बघायचा तर इथूनच सात वर्षं मागे जायला लागेल. १२ ऑक्टोबर २०१४, हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. समुद्रकाठच्या शहराची दैना साऱ्या देशाने पाहिली. दोन दिवसांनी, १४ तारखेला, नेपाळमध्ये अन्नपूर्णा परिक्रमेच्या थोरांग ला खिंडीत, ५,४१६ मीटरवर, हुदहुदचा उरलेला ओलावा पश्चिमेकडून आलेल्या थंड हवेला भेटला. ऑक्टोबर म्हणजे तिथला हमखास स्वच्छ महिना. शेकडो लोक वाटेवर होते, कित्येक जण हलक्या कपड्यांत. त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसं गेली. हुदहुद कुठे आहे हे दोन दिवस सगळ्या जगाला माहीत होतं. पहाटे चहा घेऊन खिंडीकडे निघणाऱ्याला ते आपलं वाटलं नाही, एवढंच.

२० तारखेची रात्र अशीच जाईल. २१ ला आकाश फाटेल, ऊन पडेल, दरी धुतल्यासारखी लख्ख होईल आणि तुम्हाला वाटेल, सुटलो. तंबूत बसा. पहिलं ऊन सगळ्यात वाईट: दोन दिवसांचा थर सकाळी दहापर्यंत पाणी धरतो, आणखी जड होतो आणि दुपारपर्यंत समोरचे उतार एकामागून एक रिकामे होतात. हिमकडे कोसळण्याच्या घटनांतल्या बऱ्याचशा हिमवर्षाव चालू असताना किंवा तो थांबल्यावर पहिल्या चोवीस तासांत होतात. वाट पाहण्याचं धैर्य चढण्याच्या धैर्यापेक्षा महाग असतं, कारण त्याचे फोटो निघत नाहीत.

आता एक लांब उडी, डोंगर सोडून, पण बर्फाच्याच मागे. १८८४, कलकत्ता. एका कचेरीत हेन्री ब्लॅनफर्ड टेबलावर कागद पसरून बसला आहे. १८७५ मध्ये भारताचं हवामानखातं सुरू झालं तेव्हापासून तो त्याचा प्रमुख. दोनच वर्षांच्या आत दख्खनेत पडलेला तो मोठा दुष्काळ त्याच्या डोळ्यांसमोर आहे. त्याच्या हाती पश्चिम हिमालयात कुठे किती बर्फ उरला याचे अहवाल येतायत आणि त्याला एक संगती दिसलीय: वसंतात हिमालयावर बर्फ जास्त आणि उशिरापर्यंत राहिला, तर डोंगर थंड राहतो, उत्तरेकडून कोरडे वारे वाहतात आणि मैदानातला मोसमी पाऊस कमी होतो. त्याचा लेख त्याच वर्षी छापून येईल आणि १८८६ पासून सरकार या आधारावर मोसमी पावसाचा अधिकृत अंदाज देऊ लागेल. पुढे खात्याचा प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकरने या अंदाजात प्रशांत महासागरापर्यंतचे दाब आणून बसवले आणि बर्फ हा अनेकांतला एक घटक उरला. पण डोंगरावरच्या बर्फाकडे बघून कोकणातल्या पेरणीबद्दल बोलता येईल, ही कल्पना पहिल्यांदा गंभीरपणे मांडली ती या माणसाने.

ती कचेरी पुढे सिमल्यामार्गे आपल्याकडेच आली. १९२८ मध्ये हवामानखात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला हललं आणि शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकरांनी ‘सिमला ऑफिस’ म्हणायला सुरुवात केली. अजून म्हणतात. रिक्षावाल्याला हवामानखातं सांगा, तो विचारात पडेल. सिमला ऑफिस सांगा, मीटर टाकेल. हिमालयातला बर्फ मोजून कोकणाच्या पावसाचा अंदाज बांधू लागलेली कचेरी पुण्यात येऊन बसली आणि आपण तिला विनोदाने परगावच्या नावाने हाक मारतो.

ब्लॅनफर्ड डोंगराकडून समुद्राकडे वाचत आला. तौक्तेच्या त्या चार दिवसांनी उलट वाचायला शिकवलं: समुद्राकडून डोंगराकडे. ही बाजू आपण मराठी डोंगरवेड्यांनी अजून नीट पकडलेली नाही, असं माझं मत आहे. आपल्याकडे हिमालयाची ओढ काही कमी नाही. पुण्याच्या गिरिप्रेमीचा संघ १९ मे २०१२ ला एव्हरेस्टवर पोचला, २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांची माणसं अन्नपूर्णेवर होती, साताऱ्याची प्रियांका मोहिते त्याच सुमाराला अन्नपूर्णेवर चढणारी पहिली भारतीय महिला ठरली. या मोहिमांच्या मागे हवामानाचा अंदाज पुरवणारी माणसं असतात, ‘वेदर विंडो’ मोजली जाते. पण मेच्या सुट्टीत यूथ हॉस्टेल्सबरोबर सार पासला जाणारी बोरिवली-डोंबिवली-नेरूळची कुटुंबं काय बघतात? कसोलचं तापमान. फोन सांगतो ‘अंशतः ढगाळ’ आणि आपण रेनकोट बॅगेत टाकतो. सार पास चार हजार मीटरच्या वर आहे, कसोल दीड हजारावर. मधल्या अडीच हजार मीटरमध्ये पंधरा अंश उतरतात, हे कसोलच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. आणि तिकडे अरबी समुद्रात काय शिजतंय ते तर आपण नातेवाइकांच्या पत्र्यांच्या काळजीने बघतो, स्वतःच्या तंबूच्या काळजीने नाही.

ती काळजी वाढवण्याचं कारणही पुण्यातूनच आलं. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्येच दाखवून दिलं की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली आणि ती जास्त दिवस टिकायलाही लागली. समुद्र तापतोय, त्यामुळे अशी वादळं जास्त वाफ घेऊन येणार. त्यातली सगळी उत्तरेला वळत नाहीत आणि वळलेल्या प्रत्येकाला पश्चिमी झंझावात भेटत नाही. पण मे महिना दोघांच्याही वाटेत आहे.

तेव्हा येत्या मेमध्ये हिमालयात जाणार असाल तर निघण्याआधीच्या पाच दिवसांत हवामानखात्याचं अरबी समुद्राचं चक्रीवादळ-पत्रक रोज वाचा, बंगालच्या उपसागराचंही वाचा आणि उत्तर भारतावर पश्चिमी झंझावात येतोय का ते शेजारीच बघून ठेवा. दोन्ही एकाच आठवड्यात दिसले तर जथ्थ्याच्या नेत्याला विचारा की वर बर्फ पडला तर कुठे थांबायचं ठरलंय. उत्तर ‘बघू’ असं आलं तर त्याला नीट उत्तर देईपर्यंत सोडू नका. बर्फ थांबल्यावर एक पूर्ण दिवस तंबूत बसता येईल एवढं खाणं आणि इंधन न्या. आणि परतीचं रेल्वेचं तिकीट दोन दिवस उशिराचं काढा. गाडी चुकेल या धास्तीने ओल्या बर्फाच्या उताराखालून उतरण्यापेक्षा कसोलला दोन दिवसांचं भाडं भरणं केव्हाही स्वस्त पडतं.